दान दिले, साक्ष राहिली

आमच्या दुकानात गल्ल्याच्या मागे एक छोटा पडदा आहे. बाहेर लावलेल्या दोन कॅमेऱ्यांतून दिसणारा रस्ता त्यावर दिवसभर हलत असतो. कॅमेरे बसवले तेव्हा मी मुलाला म्हणालो होतो, "चोरांना धाक राहील." पुढे त्या पडद्याकडे पाहण्याचा धाक मलाच वाटू लागेल, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझा नऊ वर्षांचा नातू दुकानात येऊन बसत असे. तोंडावर लाल मुखवटा, दोन बोटे दुमडून जाळे फेकण्याचा आविर्भाव आणि साखरेच्या पोत्यांच्या थप्पीवर चढण्याचा हट्ट. मला या परदेशी वीरांचे कौतुक कधीच नव्हते. भिंतीवर चढणारा माणूस आपल्या मुलांना काय शिकवणार, असे मी घरात अनेकदा बोलून दाखवले होते. त्या दुपारी गिऱ्हाईक नव्हते, म्हणून सहज विचारले, "हा तुझा स्पायडरमॅन लोकांना वाचवायला लागला तरी कशामुळे?"

नातवाने मुखवटा वर केला आणि गोष्ट सांगितली. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी १९६२ मध्ये एका अमेरिकी चित्रकथेतून हा नायक वाचकांपुढे आणला. शाळेत शिकणारा, काका-काकूंनी वाढवलेला पोरका मुलगा. कोळी चावल्याने त्याला विलक्षण शक्ती मिळते आणि ती तो आधी पैसा व प्रसिद्धी मिळवण्यासाठी वापरतो. एकदा त्याच्यासमोरून एक चोर पळत जातो. मागून धावणारा पोलीस त्याला ओरडून सांगतो, तरी तो चोराला अडवत नाही. 'हे माझे काम नव्हे' असे म्हणून मोकळा होतो. पुढे त्याच्या काकांचा खून होतो. खुनी पकडला जातो, तेव्हा त्याचा चेहरा पाहून मुलगा हादरतो, कारण तो तोच चोर असतो.

"आणि आजोबा," नातू म्हणाला, "चोराला पाडायला त्याने नुसता पाय आडवा घातला असता तरी चाललं असतं. त्याला शक्ती लागतच नव्हती."

मी काही बोललो नाही. माझी नजर पडद्याकडे गेली आणि लगेच दुसरीकडे वळली.

त्याच्या दोन वर्षे आधीच्या पावसाळ्यातील गोष्ट. पहाटे बाजारात माल पोहोचवणाऱ्या एका हातगाडीवाल्याला आमच्या दुकानासमोर टेम्पोने धडक दिली. चालक न थांबता निघून गेला. दुकान उघडून मी चित्रीकरण पाहिले. टेम्पो स्पष्ट दिसत होता, क्रमांकही वाचता येत होता. तो क्रमांक मला वाचून पाहण्याची गरज नव्हती. ज्या व्यापाऱ्याशी आमचा पंचवीस वर्षांचा देण्याघेण्याचा संबंध, त्याचा तो टेम्पो. दुपारी पोलीस शिपाई आला. त्याने अदबीने विचारले, "शेठजी, कॅमेऱ्यात काही आलं आहे का?" मी म्हणालो, "यंत्र बिघडलंय, दुरुस्तीला द्यायचं आहे." त्याने वहीत लिहून घेतले आणि तो निघून गेला. साधारण महिनाभरात नव्या चित्रीकरणाखाली जुने आपोआप पुसले गेले.

मी स्वतःला समजावले, की आपण कोणाचे वाईट केले नाही. पोलीस ठाण्याचे हेलपाटे, कोर्टाच्या तारखा, संबंधातील कटुता हे सारे टाळले, इतकेच. हातगाडीवाल्याच्या मांडीचे हाड मोडले होते. त्याची पत्नी पुढे अनेक महिने उधारीवर धान्य नेत असे. मी ती उधारी वहीत लिहीत नसे. तिच्या मुलांना वह्या-पुस्तके दिली. हे पुण्य माझ्या मनात जमा होत गेले आणि त्याखाली ती दुपार दबून गेली. त्या वर्षी संवत्सरीला तीनशे जणांना क्षमापनेचा संदेश पाठवला. त्यात टेम्पोचा मालक होता, हातगाडीवाला नव्हता.

नातवाच्या गोष्टीनंतर मी ओळखीच्या एका वकिलांकडे गेलो. त्यांनी जे सांगितले ते प्रत्येक दुकानदाराने जाणून घ्यावे असे आहे. धडक देणारे वाहन सापडले नाही, तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेनुसार मृत्यू झाल्यास दोन लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास पन्नास हजार रुपये मिळतात. वाहन सापडले, तर मात्र मोटार अपघात दावा न्यायाधिकरण उपचारांचा खर्च, बुडालेली कमाई आणि आलेले अपंगत्व पाहून भरपाई ठरवते. प्रत्येक वाहनाला त्रयस्थ पक्षाचा विमा बंधनकारक असल्याने विमा चालू असेल तर ही रक्कम सामान्यतः विमा कंपनी देते. म्हणजे ज्या स्नेह्याला मी वाचवले असे मानत होतो, त्याच्या तिजोरीला बहुधा धक्काही लागला नसता. माझ्या मौनाची किंमत मोजली ती हातगाडीवाल्याने.

ज्या त्रासाला मी भ्यालो, तोही मी समजत होतो तेवढा नव्हता. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याच्या संरक्षणासाठी केलेली मार्गदर्शक तत्त्वे सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी बंधनकारक ठरवली. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. जखमीला रुग्णालयात नेणाऱ्याला आपले नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. त्याने स्वेच्छेने साक्षीदार व्हायचे ठरवले, तर पोलिसांनी त्याची चौकशी एकदाच करावी, अशी त्या तत्त्वांत तरतूद आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्यानुसार साठ वर्षांवरील व्यक्तीला जबाबासाठी ठाण्यात येण्याची सक्ती नाही. पोलिसांनीच तिच्या घरी यायचे असते. कोर्टात साक्षीला जावे लागू शकते, हे खरे. पण तेवढे कष्ट आपण लग्नाच्या एका पंगतीसाठीही घेतो.

वकिलांकडून परतताना मला एका मुलीची आठवण झाली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर देविका रोटावन या नऊ वर्षांच्या मुलीच्या पायात गोळी लागली. २००९ मध्ये ती कुबडीच्या आधाराने विशेष न्यायालयात आली आणि तिने कसाबला ओळखले. तिच्याजवळ ना जाळे होते ना उडण्याची शक्ती. डोळ्यांनी पाहिलेले होते आणि ते सर्वांसमोर सांगण्याची तयारी होती. कथेतील वीर तोंड झाकून न्याय करतात. सामान्य नागरिकाला मात्र आपला चेहरा, आपले नाव आणि आपली सही द्यावी लागते. मला वाटते, त्याचे काम अधिक कठीण आहे. माझ्या नातवाच्या वयाच्या मुलीने ते केले. मी पासष्टीचा माणूस, गल्ल्यावर बसून चुकवत राहिलो.

आपल्या समाजाला दानाची मोठी परंपरा आहे. पांजरपोळ, धर्मशाळा, दवाखाने, शाळा आपण उभारल्या आणि त्याचा अभिमान योग्यच आहे. पण दानात देणाऱ्याचा हात वर राहतो. साक्ष देताना मात्र आपल्यालाच उभे राहावे लागते, उलटतपासणीला उत्तरे द्यावी लागतात, कधी आपल्याच माणसाविरुद्ध बोलावे लागते. म्हणूनच दान सोपे वाटते आणि साक्ष जड जाते. हातगाडीवाल्याचे माझ्याकडे जे येणे होते ते धान्याचे नव्हते. एका खात्यातील देणे दुसऱ्या खात्यात भरून फिटत नाही, हे व्यापाऱ्याला कोणी शिकवावे? करणे, करविणे आणि अनुमोदणे, असे दोषाचे तीन प्रकार आपण लहानपणापासून ऐकतो. माझे मौन त्यातील तिसऱ्यात मोडते, हे ओळखायला मला दोन वर्षे लागली.

दुसऱ्याच आठवड्यात मी त्याच्या घरी गेलो. तो आता काठी घेऊन चालतो आणि एका गोदामावर रात्रीची राखण करतो. मी सगळे सांगितले. तो बराच वेळ जमिनीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "शेठजी, तुम्ही धान्य दिलंत, ते आम्ही विसरलो नाही. पण गाडी कोणाची हे तेव्हा कळलं असतं, तर ऑपरेशनसाठी बायकोचे दागिने गेले नसते." मी क्षमा मागितली. त्याने केली की नाही, हे मला कळले नाही. मी विचारलेही नाही.

त्यानंतर मी पोलीस ठाण्यात जाऊन टेम्पोचा क्रमांक आणि माझा खोटेपणा, दोन्ही लेखी दिले. चित्रीकरण उरलेले नाही आणि मधे बराच काळ गेला आहे. वकिलांनी कागद हाती घेतले आहेत, पण फारशी आशा दाखवलेली नाही. स्नेही व्यापाऱ्याने आमच्याशी व्यवहार थांबवला आहे. बाजारात काही जण मला पाहून विषय बदलतात. घरातही सुरुवातीला नाराजी होती. मुलगा म्हणाला, "बाबा, आता उकरून काय उपयोग?" त्याला समाधानकारक उत्तर मला देता आले नाही.

मात्र गेल्या महिन्यात कोपऱ्यावर दुचाकीचा अपघात झाला. मी गल्ल्यावर नव्हतो. मुलाने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावली आणि पोलीस येण्यापूर्वीच चित्रीकरणाची प्रत पेनड्राइव्हवर काढून ठेवली. शिपायाने विचारले तेव्हा ती हातात दिली आणि कागदावर सही केली. संध्याकाळी जेवताना तो त्याबद्दल काही बोलला नाही. मला ते नोकराकडून समजले.