खाडीकाठची गरी

निवृत्तीनंतर वेळ कसा घालविता, असा प्रश्न मला पुष्कळ जण विचारतात. ‘वाचन करतो’ असे उत्तर त्यांना अपेक्षित असते, आणि ते खोटेही नाही. पण आठवड्यातून दोन-तीनदा माझी पावले ग्रंथालयाऐवजी कर्लीच्या खाडीकडे वळतात. खांद्यावर लवचीक काठी, काठीला फिरकी, फिरकीवर गुंडाळलेला तंगूस आणि खिशातील डबीत चार-पाच बनावट मासे, एवढीच माझी सामग्री. आमच्या मालवणी बोलीत गळाला गरी म्हणतात आणि या उद्योगाला गरवणे.

सह्याद्रीत उगम पावलेली कर्ली नदी देवबागेपाशी समुद्राला मिळते. देवबाग म्हणजे खाडी आणि समुद्र यांच्यामध्ये पहुडलेली माडांची एक अरुंद पट्टी. पलीकडच्या तीरावर भोगवे. येथे गोडे पाणी कोठे संपते आणि खारे कोठे सुरू होते, हे कोणालाच बोट ठेवून दाखविता येणार नाही. ती सीमा दिवसातून दोनदा आत येते आणि दोनदा बाहेर जाते. तिच्याबरोबर कोळंबी येते, कोळंबीमागे बारीक मासळी, आणि बारीक मासळीमागे मोठे शिकारी मासे.

म्हणून गरवणाऱ्याने आधी पाणी ओळखावे लागते. ही विद्या मला शेजारच्या वृद्ध तांडेलकाकांनी शिकविली. जन्मभर मी मुलांना गणित घातले. त्यांनी मला एका वाक्यात गणित घातले. पौर्णिमेपासून किंवा अमावास्येपासून तिथी मोजा आणि तिची पाऊणपट करा; जो आकडा येईल, साधारण तितक्या वाजता भरती पूर्ण होते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास. भरती रोज सुमारे पाऊण तासाने पुढे का सरकते, याचे उत्तर चंद्राच्या गतीत आहे. पण काकांना ते उत्तर कधी लागले नाही. मी उतावीळपणे काठी उचलली की ते म्हणत, “मास्तरानू, जरा थांबा. पाणी फिरूंदे.”

बनावट मासा पाहून माझी नात प्रथम हसली होती. लाकडाच्या तुकड्याला मासा कसा फसेल? पण खाडीच्या गढूळ पाण्यात मासा केवळ डोळ्यांनी शिकार करीत नाही. त्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना एक संवेदनाशील रेषा असते. तिच्या योगे पाण्यातील सूक्ष्म कंप त्याला जाणवतात. तंगूस थांबत-थांबत ओढला की लाकडी मासा लंगडतो, थबकतो, पुन्हा चालू लागतो. दुबळा, जखमी मासाच जणू! फिनलंडमधील लाउरी रापाला नावाच्या गरीब कोळ्याने हीच गोष्ट सरोवरावर निरखिली होती. अडखळत पोहणाऱ्या मासळीवर मोठे मासे आधी झडप घालतात, हे पाहून त्याने 1936 साली बुचाच्या लाकडाचा मासा कोरला. त्यावर त्याने चॉकलेटच्या वेष्टनाची चकचकीत चांदी लाविली आणि वर छायाचित्रांच्या जुन्या फिती वितळवून त्यांचा लेप दिला. आज त्या माशाची भावंडे जगभर पोहत आहेत.

हा छंद परदेशातून आला, असे मात्र कोणी समजू नये. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 1129 च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. आम्ही मराठीचे विद्यार्थी त्यातील जुन्या मराठी ओळींसाठी तो ग्रंथ आदराने उल्लेखितो. पण त्याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे, आणि त्यात मासे कोणते, त्यांना चारा कोणता, गळ कसा टाकावा याचा विचार केला आहे. राजालाही पाण्याकाठी तासन्‌तास बसावेसे वाटले, हे वाचून माझ्या मनाला थोडे बळ आले!

गेल्या वर्षी कार्तिकातल्या एका अष्टमीला आम्ही कांदळवनाच्या कडेला उभे होतो. पाणी भरत आले होते. मुळांच्या जाळीपासून हातभर अंतरावर मी लाकडी मासा टाकला, दोन वेळा हिसका दिला आणि काठी एकदम वाकली. तांबोशी! हा मासा मुळांच्या सावलीत दबा धरून बसतो, भक्ष्य पकडतो आणि त्याच क्षणी माघारी मुळांत शिरू पाहतो. एकदा तो आत गेला की तंगूस तुटलाच. मनगटे भरून आली, पण तो बाहेर आला. अस्तास जाणाऱ्या सूर्याच्या उजेडात त्याचे अंग घासलेल्या तांब्यासारखे लखलखत होते. लांबी माझ्या वितीहून थोडी अधिक.

काकांनी त्याच्याकडे पाहिले व म्हटले, “ह्यां अजून पोर आसा, मास्तरानू. ह्येका दर्यात जावंदे.”

ते अक्षरशः खरे होते. तांबोशीचे बालपण खाडीत, कांदळांच्या आश्रयाने जाते; मोठी झाली की ती खोल समुद्रातील खडकांकडे निघून जाते आणि तेथे अंडी घालते. खाडीत सापडणारी लहान तांबोशी बहुधा अजून एकदाही व्यायलेली नसते. चोणकाची गोष्ट याच्या उलट. रायगडाकडे ज्याला जिताडा म्हणतात तोच हा मासा. तो आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो. म्हणून सर्वांत मोठा चोणक, ज्याच्यासाठी सगळे हळहळतात, तो प्रायः लाखो अंडी घालणारी मादी असतो.

मी हात ओले केले, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरील संरक्षक बुळबुळीत थर निघून जातो. माझ्या गऱ्यांची उलटी टोके मी कानशीने घासून काढली आहेत. त्यामुळे गरी सहज निघाली. प्रवाहाकडे तोंड करून मासा क्षणभर पाण्यात धरला. शेपटीचा एक फटकारा, आणि तो दिसेनासा झाला.

थोड्या अंतरावर दहा-बारा वर्षांचा एक मुलगा नुसत्या हातदोरीला कोळंबी लावून गरवीत होता. त्यालाही तेवढीच एक तांबोशी लागली. त्याने माझ्याकडे पाहिले. मी काय केले ते त्याने पाहिले होते. मी काही बोललो नाही. माझ्या घरी पेन्शन येते. त्याच्या घरी त्या दिवशी काय शिजणार होते, ते मला ठाऊक नव्हते. त्याने मासा माडाच्या हिरात ओवला आणि तो पुळणीवरून घराकडे धावत सुटला.

“त्याका सोड म्हणाक नाय तुम्ही?” काकांनी विचारले.

मी नकारार्थी मान हलविली. काका बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले. चिपीच्या फांदीवरून खंड्या उडाला. पाणी आता थबकले होते, वरही नाही आणि खालीही नाही.

“उद्या नवमी,” ते काठी टेकीत उठले. “पावणेसातांक पाणी भरतलां.”