शेवटी झोपणारा, आधी उठणारा

आमच्या वर्गातला टॅब्लेट झोपेतून उठला की पडदा उजळायचा, पण बोटाला दाद द्यायचा नाही. पूर्ण बंद करून चालू केला की ठीक. माझा भाचा अशा उपकरणांचे सॉफ्टवेअर लिहितो. त्याला विचारले, तर म्हणाला, "मामू, उठण्याचा क्रम चुकत असेल."

त्याने समजावले ते असे. अँड्रॉइड टॅब्लेटच्या मुळाशी लिनक्स कर्नल असतो. बॅटरी वाचावी म्हणून तो एकेका भागाला झोपवतो. त्याच्याकडे या भागांचा वंशवृक्ष असतो. झोपवताना आधी मूल, मग पालक; उठवताना आधी पालक, मग मूल. पण टचस्क्रीन या वृक्षात एका फांदीवर असते आणि तिला वीज देणारा रेग्युलेटर भलत्याच फांदीवर. हे नाते वृक्षात दिसत नाही. रेग्युलेटर जागा होण्याआधीच टचस्क्रीनला हाक गेली, तर ती उत्तर देणार कुठून?

म्हणून २०१७ साली लिनक्स ४.१० मध्ये 'डिव्हाइस लिंक' आली. पुरवणारा कोण आणि त्याच्यावर अवलंबून कोण, हे तिच्यात वेगळे नोंदवता येते. मग पुरवणारा इतरांनंतर झोपतो आणि त्यांच्या आधी उठतो. एक जरी अवलंबित कामात असला तरी पुरवणाऱ्याने झोपायचे नाही, असेही ठरवता येते.

ऐकता ऐकता मला अम्मी आठवली.

रमजानात तरावीहनंतर सगळे झोपले की ती भांडी आवरायची आणि सहरीला सगळ्यांच्या आधी उठायची. एका रमजानात तिला ताप आला. त्या पहाटे घरात कुणीच उठले नाही. फजरची अजान कानावर पडली तेव्हा मी चिडून विचारले, "अम्मी, उठवलं का नाहीस?" तिच्या कपाळाला हात लावायचे मला नंतर सुचले.

रेशनकार्डावर तिचे नाव अब्बांच्या खाली होते. घर कुणामुळे जागे होते, हे त्या कार्डावर कुठे लिहिलेले असणार?

टॅब्लेटची दुरुस्ती बनवणाऱ्या कंपनीलाच करावी लागेल, असे भाचा म्हणाला. यंत्राला हे नाते कुणीतरी लिहून द्यावे लागते. आम्हाला ते रोज डोळ्यांसमोर दिसत होते, तरी आम्ही नोंदवले नाही.

अम्मी आता नाही. तिची जागा न बोलता माझ्या बायकोने घेतली होती. यंदा सहरीचा गजर माझ्या उशाशी असेल, आणि चुलीपाशी आधी मी जाईन.