पायाखालची ऊब

निसिरोस या ग्रीक ज्वालामुखी बेटावर एकटीच का आले, हे अजून मलाच नीट सांगता येत नाही. स्टेफानोस विवराच्या तळाशी पांढरट-पिवळी माती, गंधकाचा उग्र वास आणि भेगांतून सतत निघणारी वाफ. बेटावरचा शेवटचा वाफेचा स्फोट १८८८ सालचा. ग्रीक दंतकथेत समुद्रदेव पोसायडनने कोस बेटाचा लचका तोडून पोलिबोटीस या महाकायावर भिरकावला. तो अजून या बेटाखाली कण्हतो म्हणे.

मी जमिनीला हात लावला. ताप भरलेल्या कपाळासारखी ऊब होती. आपल्या सह्याद्रीचा दगडही लाव्हाचाच, पण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, केव्हाच निवलेला. त्या थंड दगडाच्या भरवशावर वाढलेल्या मला ही ऊब अस्वस्थ करत होती, आणि हवीशीही वाटत होती.

सोबत कुणी असतं तर काहीतरी बोलून मी तो क्षण उरकून टाकला असता. एकटं असलं की भावना तशीच रेंगाळते.

वर कड्यावर निकिया गाव आहे. तिथली माणसं रोज हे विवर बघत जगतात. त्यांना भीती वाटत नसेल, की सवयीलाच आपण धीर म्हणतो? उद्या पुन्हा खाली उतरावं की निकियाच्या चौकात नुसतं बसून राहावं, ठरत नाहीये.