निळ्या पिंपाची घसरगाडी

दोस्तांनो, पाणी साठवायचे मोठे निळे प्लॅस्टिकचे पिंप तुम्ही पाहिलेच असेल. कुणाच्या गच्चीवर, कुणाच्या मोरीत, नाहीतर बांधकामावर. दोनशे लिटर पाणी मावते त्यात. ते झाकणापासून बुडापर्यंत करवतीने उभे कापले तर? दोन लांबट अर्धगोल पन्हळी मिळतील. एकीला पुढून दोर बांधा, झाली गाडी! चाके? छे, चाकांचे काय काम? ही गाडी बर्फावर चालते.

कुठे? चला, नकाशा उघडा. उत्तर अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात अलास्का आहे. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर, उत्तर ध्रुववृत्ताच्या जरासे वर, कोत्झेब्यू नावाचे गाव सापडेल. वस्ती तीन हजारांच्या आसपास, त्यात इनुपियाक लोक जास्त. डिसेंबरातल्या सर्वांत लहान दिवशी इथे सूर्य दोन तासही टिकत नाही. शेजारच्या गावी जायला रस्ताच नाही! उन्हाळ्यात बोटीने सामान येते, एरवी विमानाने. पण हिवाळ्यात समुद्र आणि नद्या गोठल्या की त्यांचेच रस्ते होतात. मग नोआटक, नूरविक, किआना अशा गावांकडे लोक स्नोमोबाईलवरून निघतात. (तिथे तिला म्हणतात 'स्नोमशीन'. तुम्ही स्नोमोबाईल म्हणालात, की पाहुणे म्हणून ओळखले गेलात!)

स्नोमोबाईलला पुढे दोन पट्ट्या आणि मागे फिरणारा रबरी पट्टा असतो. तिच्यावर दोन माणसे बसतात. मग शिकार केलेले कॅरिबू, बर्फाला भोक पाडून पकडलेले मासे, पेट्रोलचे डबे, तंबू, सरपण हे सगळे ठेवायचे कुठे? मागे ओढायच्या घसरगाडीत. ती तयारही विकत मिळते. पण एवढी मोठी वस्तू विमानाने आणायची म्हणजे भाड्यानेच माणूस गार! म्हणून पुष्कळ जण घरीच बनवतात.

पिंपाची गाडी लहान कामाला ठीक. जास्त ओझ्यासाठी पॉलिथिलीनचा आठ-दहा फूट लांब जाड पत्रा घेतात. पॉलिथिलीनच का? एकतर त्याला पाणी धरत नाही, त्यामुळे बर्फ चिकटून बसत नाही. लाकूड पाणी पिते आणि ते आतच गोठते. दुसरे म्हणजे कडाक्याच्या थंडीतही ते लवचिक राहते, दगडावर आपटले तरी सहसा तडकत नाही. याच जातीचे एक चिवट प्लॅस्टिक बर्फावर घसरायच्या स्कीच्या तळाला लावतात. आणि तुमच्या आजीचा गुडघा बदललेला असेल, तर तिथेही बहुधा तेच आहे!

पत्र्याचे पुढचे टोक गरम हवेने नरम करून वर वळवतात. घाई करायची नाही, ज्योत जवळ नेली तर ते जळते. तळ अगदी सपाट ठेवला तर गाडी गुळगुळीत बर्फावर आडवी भरकटते, म्हणून खाली लांबीच्या दिशेने दोन-तीन चिंचोळ्या पट्ट्या बसवतात. पॉलिथिलीनला साधा गोंद चिकटत नाही, तेव्हा बोल्ट आलेच.

खरी मेख इथेच आहे. पत्रा उबदार खोलीत, २० अंशांवर जोडला आणि बाहेर उणे ४० असले तर फरक झाला ६० अंशांचा. तेवढ्यात आठ फुटांचा पत्रा सुमारे दोन सेंटीमीटर आखडतो! त्याला जोडलेली अॅल्युमिनियमची चौकट मात्र फार थोडी आखडते. बोल्ट करकचून आवळले असतील तर प्लॅस्टिक भोकापाशी फाटणार. म्हणून भोके गोल न ठेवता लांबट पाडतात, मोठे वायसर घालतात आणि बोल्ट किंचित सैल ठेवतात. नवशिक्याला वाटते, सैल म्हणजे कच्चे काम. पण जुन्या इनुपियाक लाकडी गाड्या बघा. त्यांचे सांधे चामड्याच्या वादीने बांधलेले असत. गाडी उंचसखल बर्फावर पिळवटायची, पण मोडायची नाही. आजही काही जण लाकडीच गाडी करतात आणि खाली फक्त प्लॅस्टिकच्या पट्ट्या ठोकतात.

आता ओढायचे कशाने? आपण दोर म्हणालो खरे, पण उतारावर काय होईल, विचार करा. घसरगाडीला ब्रेक नसतो. पुढच्याने वेग कमी केला की मागची दीडशे किलोंची गाडी थेट पाठीत! म्हणून दोराऐवजी धातूचा दांडा लावतात. त्याच्या खिळीला वरून एक क्लिप लावतात, शिवाय एक जादा साखळीही.

एवढी काळजी कशाला? अहो, इंजिनाच्या आवाजात गाडी सुटलेली कळतच नाही. तंबू, शेगडी, पेट्रोल, सगळे त्या मागच्या गाडीत. ती दहा किलोमीटर मागे राहिली, वारा सुटला, वाटेवरच्या खुणा झाकल्या गेल्या, तर उणे ४० मध्ये रात्र काढायची कशी? कधी नदीवर बर्फाखालचे पाणी वर आलेले असते. त्यात गाडी रुतली तर तळाला बर्फाचा थर धरतो. प्लॅस्टिकचा तळ दोन-चार वेळा ठोकला की तो गळून पडतो. लाकडाचा मात्र तासत बसावा लागतो, तोही हातमोजे घालून. उघड्या ओल्या बोटाने तिथल्या लोखंडाला हात लावायचा नाही, कातडी चिकटते!

म्हणूनच कोत्झेब्यूहून निघालेला माणूस दर थोड्या वेळाने मान वळवतो. मागे निळे पिंप येतेय ना, ते बघतो आणि मग पुढे जातो.