घड्याळ फक्त ऐकते

जीपीएस घड्याळ म्हटले की घरातल्या मंडळींना वाटते, आता आई-बाबा कोठे आहेत ते आपल्याला घरबसल्या कळणार. वाचकहो, हा समज आधी दूर केलेला बरा. धावण्यासाठी मिळणारे साधे जीपीएस घड्याळ फक्त ऐकते, बोलत नाही. सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह सतत संकेत पाठवीत असतात. त्यांपैकी किमान चारांचे संकेत मिळाले, की आपण कोठे आहोत याचे गणित घड्याळ स्वतःशीच मांडते, आणि ते उत्तर मनगटावरच राहते. आमच्या इमारतीतील एक सूनबाई विस्मरणाने ग्रासलेल्या सासूबाईंसाठी असे घड्याळ घ्यायला निघाल्या होत्या. घेण्यापूर्वी त्यांनी विचारले, हे नशीब. ज्यांची वाट चुकण्याची भीती आहे, त्यांच्यासाठी सिमकार्ड असलेले, ठावठिकाणा कळवणारे उपकरणच हवे, आणि ते नित्यनेमाने चार्ज करणारे माणूसही घरात हवे.

मग साध्या घड्याळाचा उपयोग काय? आमच्या घरी त्याने जे केले ते सांगते.

आमचे 'हे' एकाहत्तर वर्षांचे. डॉक्टरांच्या संमतीने आठवड्यातून चार दिवस तळजाई टेकडीवर हळूहळू धावतात. हळूहळू म्हणजे शेजारून चालणाऱ्या तरुणाने मागे टाकावे इतके. घड्याळ घेताना त्यांनी मुद्दाम बटणांचे निवडले. घामेजलेल्या, किंचित थरथरणाऱ्या बोटांना काचेवर टिचक्या मारणे जमत नाही. बटण दाबले की दाबल्याचे कळते. आकडे मोठे, काळे-पांढरे, उन्हातही चष्म्याविना दिसणारे. अंतर, वेळ आणि एका किलोमीटरला लागलेली मिनिटे, एवढेच ते दाखवते. याहून अधिक आकडे आमच्या वयाला सोसत नाहीत, असे माझे मत आहे.

निघण्यापूर्वी मोकळ्या आकाशाखाली मिनिटभर स्वस्थ उभे राहावे लागते, घड्याळाला उपग्रह सापडेपर्यंत. घरातून जिना उतरतानाच बटण दाबणाऱ्यांची पहिली काही मिनिटे चुकीची नोंदली जातात. (त्या मिनिटात हे घोटे फिरवून घेतात, तोही फायदाच.) दाट झाडीत किंवा उंच इमारतींच्या मधून जाताना संकेत अडतात, भिंतींवरून परावर्तित होऊन उशिरा पोहोचतात, त्यामुळे तोच रस्ता एके दिवशी ३ किलोमीटर भरतो, दुसऱ्या दिवशी ३.१. क्षणाक्षणाला दिसणारा वेगही असाच उड्या मारतो. म्हणून एका दिवसाच्या आकड्याला फारशी किंमत देऊ नये. महिन्याभराच्या नोंदी मात्र खोटे बोलत नाहीत.

गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर तेच घडले. एरवी किलोमीटरला साडेनऊ मिनिटे घेणाऱ्या यांना दहा लागू लागली, मग साडेदहा, मग अकरा. रस्ता तोच, पहाटेची वेळ तीच. "वय झाले," असे म्हणून त्यांनी विषय संपवला. वाचकहो, आपल्या घरातही हेच वाक्य ऐकू येत असेल. पण वय सहा आठवड्यांत दीड मिनिटाने वाढत नाही. मी घड्याळातील तारखा आणि आकडे एका वहीच्या पानावर उतरवून काढले आणि ते पान घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. "दम लागतो का?" या प्रश्नाला यांनी नेहमीप्रमाणे "नाही" म्हटले; पानाने "हो" म्हटले. हिमोग्लोबिन ९ वर आले होते. पुढे कारणही सापडले: गुडघ्यासाठी परस्पर दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्याने पोटात जखम होऊन थोडे थोडे रक्त जात होते. अशा गोळ्यांनी हे होऊ शकते, आणि पोट न दुखताही होऊ शकते. गोळ्या बंद झाल्या, जखमेवर उपचार झाले, लोहाची औषधे सुरू झाली. धावणे अडीच महिने थांबले.

घड्याळाने रोग ओळखला, असे मी म्हणणार नाही. ते काम रक्ततपासणीचे. परंतु ज्या माणसाला आपली कुरकूर करणे कमीपणाचे वाटते, त्याच्या वतीने कोणीतरी नोंद ठेवलेली असणे किती उपयोगी पडते, हे शुश्रूषा करणाऱ्यांना निराळे सांगायला नको.

काही घड्याळे नाडीचे ठोकेही दाखवतात. तेथे एक सावधगिरी हवी. २२० मधून वय वजा करून येणारी कमाल ठोक्यांची संख्या ही सरासरी आहे. माणसामाणसांत तिच्यात बराच फरक असतो. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातील गोळी चालू असेल, तर ठोके एरवीइतके वाढत नाहीत. मग घड्याळ "अजून जोर लावा" असे सुचवते आणि शरीर थकलेले असते. पट्टा सैल असला किंवा ठोके मुळातच अनियमित असले, तरी मनगटावरचा आकडा फसवा निघतो. त्यापेक्षा जुनी कसोटी चांगली: धावता-धावता सोबत्याशी एक पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. छातीत जडपणा, घेरी किंवा विलक्षण धाप जाणवली, तर आकडा काहीही असो, तेथेच थांबायचे आणि वैद्यकीय मदत घ्यायची.

आणि घड्याळ ठावठिकाणा कळवीत नसल्यामुळे खिशात चिठ्ठी हवीच: नाव, घरचा दूरध्वनी, रक्तगट, चालू औषधे. यांच्या खिशातली मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिली आहे, कारण घामाने शाई पसरते.

सध्या यांचा आकडा सव्वादहावर आहे. परतताना फाटकापाशी घड्याळात २.९६ दिसले, की हे आत न येता इमारतीला आणखी एक फेरी मारतात. चहा गार होतो. मी तो पुन्हा गरम करत नाही.