कपाळावरची आठी

राजुऱ्याहून गडचांदूरकडे येणाऱ्या एसटीत पाय ठेवला, की तिकिटाच्या आधी कंडक्टरच्या कपाळावरची आठी भेटते. ‘मांगं सरका ना जी, मांगं! दारात काय ठेवलं हाय?’ आमच्या भागात हे कोणी मनाला लावून घेत नाही. माणसं थोडी सरकतात, म्हणजे सरकल्यासारखं करतात. आठी तशीच राहते, घंटी दोनदा वाजते, गाडी निघते.

ही आठी मला अलीकडे फार आवडू लागली आहे. बाकी सगळीकडून ती हद्दपार होते आहे, हे त्याचं कारण. गडचांदुरातही आता पाठीवर भलीमोठी थैली घेतलेली पोरं मोटारसायकलवरून पार्सलं वाटत फिरतात. पत्ता सापडत नाही, ऊन पंचेचाळिसाच्या पुढे, सिमेंट कारखान्यांच्या ट्रकमागची धूळ नाकातोंडात. तरी दारात उभं राहून पोरगं हसतं आणि हळूच म्हणतं, ‘सर, रेटिंग चांगलं द्याल.’ त्या पोराचा चेहरा त्याच्या मालकीचा उरलेला नाही.

आर्ली हॉकशिल्ड या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली हवाई सुंदरींच्या कामावर पुस्तक लिहिलं. पगार नुसता ट्रे उचलण्याचा नसतो, हसण्याचाही असतो, आणि ते हसू आतून आणायला जी ताकद लागते तिचा हिशेब कुठेच होत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्याच पुस्तकात त्यांनी थकबाकी वसूल करणारेही तपासले. त्यांना कंपनी कठोरपणा शिकवायची. म्हणजे गोडवाही नेमलेला, तुसडेपणाही नेमलेला. आमच्या कंडक्टरची आठी या दोन्हीत बसत नाही. ती कोणी शिकवलेली नाही. खास घरची आहे.

आणि ती उगाच पडत नाही. दर सहा किलोमीटरला एक टप्पा. टप्पा ओलांडायच्या आत सगळ्यांची तिकिटं फाडायची, नाहीतर पुढच्या फाट्यावर तपासणी पथक उभं. पूर्वी हातात तिकिटांच्या रंगीत गठ्ठ्यांचा ट्रे असे आणि पंचाची टिकटिक चाले. आता गळ्यात मशीन आहे. काम सोपं झालं असं आपल्याला वाटतं; पण जिवतीच्या घाटात रेंज गेली की फोनवरून पैसे देणारा प्रवासी म्हणतो, ‘पैसे कटले जी,’ मशीन म्हणतं, आले नाहीत. खरं कोणाचं मानायचं हे कंडक्टरनं ठरवायचं, आणि चुकलं तर स्वतःच्या खिशातून भरायचं. जानेवारी २०२५ मध्ये भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं, तेव्हा चिल्लरीचं भांडणही त्याच्याच वाट्याला आलं. भाडेवाढ मुंबईत ठरते, शिव्या गडचांदूरच्या स्टँडवर पडतात.

सवलतींचंही तसंच. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत, १७ मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट. दोन्ही गोष्टी चांगल्या. अर्ध्या तिकिटामुळे माहेरी जायला, बाजाराला, दवाखान्यात बाया मोकळेपणानं निघू लागल्या. पण गाडी तेवढीच आणि कंडक्टरही एकच. आधारकार्ड घरी विसरलेल्या कोलाम आदिवासी म्हातारीचं वय काय, हे तिच्या सुरकुत्यांवरून ठरवायचं काम शासनानं कोणत्याही आदेशात लिहिलेलं नसतं, तरी ते करावं लागतं. त्यात हा सीमेवरचा मुलूख. जिवती तालुक्यातल्या ज्या चौदा गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघंही हक्क सांगतात, तिथल्या बायांना डिसेंबर २०२३ पासून तेलंगणाची बस फुकट आहे. ‘तिकडं फुकट, इथं अर्धं. काहून जी?’ असं विचारणारीला उत्तर कोणी द्यायचं? मंत्रालय तिथून फार लांब आहे. समोर खाकीतला माणूस आहे. तो मराठीत सुरू करतो, तेलुगूत समजावतो, कारखान्यातल्या बिहारी मजुराशी हिंदीत वाद घालतो, आणि मग कपाळाला आठी घालतो. घालू द्या. तेवढीच त्याची विश्रांती.

ही माणसं एकदा थांबली होती. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस संप सुरू झाला. मागणी होती एसटी महामंडळाच्या राज्य शासनात विलीनीकरणाची. न्यायालयानं २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर परतायला सांगितलं तोवर जवळजवळ सहा महिने उलटले होते. विलीनीकरण झालं नाही. त्या काळात राज्यात काही कर्मचाऱ्यांनी जीव संपवला. खेड्यातली पोरं कॉलेजला पोचेनात, माणसं काळीपिवळीत कोंबून जाऊ लागली, आणि ‘मांगं सरका’ म्हणणारा नसला की काय होतं ते सगळ्यांना कळलं. गाड्या पुन्हा सुरू झाल्यावर आम्ही ते लगेच विसरलो, हेही खरं.

महामंडळाचं ब्रीद आहे ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’. त्या बहुजनांत कंडक्टर धरला आहे की नाही, असा वाकडा प्रश्न मला पडतो. कर्मचाऱ्यांच्या स्वास्थ्यावर हल्ली व्याख्यानं होतात, ताणमुक्तीची शिबिरं होतात. श्वास आत, श्वास बाहेर. माझा शिबिरांना विरोध नाही. पण मुक्कामी गाडी घेऊन गेलेल्या माणसाला डासांच्या खोलीत झोप लागत नसेल, तर पहाटेच्या फेरीत त्यानं श्वास कुठला घ्यायचा? त्याला जाळी लागते. फेरी संपवून परत फिरायच्या आधी बसून जेवता येईल एवढा वेळ लागतो. सुटी मागितली तर बदली माणूस लागतो.

बाई कंडक्टरचं आणखी निराळं. भर मे महिन्यात त्या पाणी कमी पितात. कारण उघड आहे, आणि ते सांगताना त्या हसतातही. कुठल्याही छोट्या स्टँडवर जा, मशीन नवं असतं, बाकड्यांना रंग दिलेला असतो, बायांच्या संडासाला आतून कडी नसते. त्यांच्यातल्या एकीच्या थैलीत मी तिकिटांच्या रोलजवळ सुतळीचा गुंडा पाहिला. दार आतून बांधायला. वापरून वापरून ती तुटते, म्हणून दर थोड्या दिवसांनी बाजारातून नवी घ्यावी लागते, असं त्यांनी सांगितलं. आणि लगेच मागच्या सीटवरच्या पोराकडे वळून ओरडल्या, ‘पास दाखव ना बे, तिकडं काय पाहून राहिला?’