जोशीच्या शेवटी दोन ई

दिवाळी अंकाचा शेवटचा फॉर्म प्रेसला जायच्या आदल्या संध्याकाळी एका लेखासोबत फोटो आला. तीन तरुणी, तिघींचे पोशाख तीन देशांचे, पैकी एक साडीतली. खाली ओळ: ‘डॉ. आनंदीबाई जोशी, पदवीदान समारंभ, फिलाडेल्फीया, १८८६.’

मी मुद्रितशोधक. मला पैसे मिळतात ते ऱ्हस्व-दीर्घ बघण्याचे. सनावळ्या बघणं ही माझी खोड. आधी सवयीनं ‘फी’ ऱ्हस्व केली. मग सहज तीच ओळ अवतरणचिन्हांत घालून शोधली, तर पंधराएक ठिकाणी सापडली आणि सगळीकडे ‘फी’ दीर्घ! एकानं लिहिलं, बाकीच्यांनी उचललं. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती करताना सुखटणकरांनी पोथ्यांची कुळं लावली होती. दोन पोथ्यांत एकच विचित्र चूक दिसली की त्यांचा पूर्वज एक असणार, हा त्या विद्येचा एक साधा धागा. पंधरा संकेतस्थळं असली तरी माझ्यापुढे साक्षीदार एकच होता, आणि त्याला शुद्धलेखन येत नव्हतं.

हल्ली प्रश्न टाकला की यादीच्या डोक्यावर तयार उत्तरही येतं. त्या उत्तरानंही नम्रपणे पदवीदान समारंभच सांगितला. तेही त्याच पंधरा घरी जेवून आलेलं असणार.

मग शब्द सोडले आणि चित्रच शोधायला दिलं. टिनआयसारख्या साधनात फोटो टाकला की तो आणखी कुठे कुठे आहे ते दिसतं, आणि जुन्यात जुनी नोंद आधी लावून घेता येते. कापाकापी झालेल्या, रंग चढवलेल्या अनेक प्रतींमधून एक न कापलेली प्रत हाती लागली. तिच्यावर तारीख होती: १० ऑक्टोबर १८८५.

आता ही तारीख खरी कशावरून? मूळ कागद जिथे असेल तिथे जायला हवं. इंग्रजीत ‘आनंदीबाई जोशी’ टाकलं, शेवटी आय. आलं ते सगळं आपल्या काळातलं: चित्रपट, जयंतीचे लेख, शाळेची भाषणं. मग आठवलं, की बाई स्वतः आडनावाच्या शेवटी दोन ई लिहायच्या आणि अमेरिकेत त्यांचं नाव ‘आनंदाबाई’ असं छापलं जाई. तसं टाकलं आणि पडद्यावरचा शेजारच बदलला. कॅरोलाइन डॉल यांनी लिहिलेलं १८८८ चं चरित्र, इंटरनेट आर्काइव्हवर पानन् पान स्कॅन केलेलं. आणि ड्रेक्सेल विद्यापीठाचा अभिलेखसंग्रह. ड्रेक्सेल कशाला, तर आनंदीबाई जिथे शिकल्या ते १८५० साली निघालेलं स्त्रियांचं वैद्यकीय महाविद्यालय नावं बदलत, विलीन होत शेवटी तिथे पोचलं. कागदपत्रंही मागोमाग गेली. लग्न होऊन गेलेल्या मुलीचा पत्ता माहेरच्या आडनावानं विचारत बसलं तर कसा सापडणार?

अशा संग्रहात गेल्यावर मी बाहेरचं सर्च इंजिन बंद करते आणि त्यांच्याच चौकटीत शोधते. तिथे वर्षं जुळली. आनंदीबाईंची पदवी ११ मार्च १८८६ ची. शेजारच्या जपानच्या केई ओकामी १८८९ ला डॉक्टर झाल्या, सिरियाच्या साबात इस्लांबुली १८९० ला. म्हणजे फोटो काढला तेव्हा तिघीही विद्यार्थिनीच होत्या.

लेखात आनंदीबाईंचे पती गोपाळराव यांच्या तोंडी एक तडाखेबंद संवादही होता. तो कुठला, म्हणून काशीबाई कानिटकरांचं १८८९ चं चरित्र उघडलं. इथे मात्र शोधचौकट फारशी कामाची नाही. जुन्या छपाईत जागोजाग अनुस्वार, ते यंत्राला कधी दिसतात, कधी नाहीत. शिवाय ‘दुसऱ्या’मधला ऱ्य संगणकावर दोन तऱ्हांनी टंकता येतो, डोळ्यांना एकच, यंत्राला दोन वेगळे शब्द. म्हणून मी पानंच उलटली. पाठ अवघडून गेली, पण संवाद काही दिसला नाही. श्री. ज. जोशींची ‘आनंदी गोपाळ’ १९६८ ची, आणि ती कादंबरी आहे. इंटरनेटवर मात्र चरित्र आणि कादंबरी यांच्यात भिंत उरलेली नाही. संवाद कादंबरीतला असेल, नाहीतर कुणाच्या भाषणातला. मला त्याला दाखला सापडला नाही एवढं खरं.

रात्री साडेदहाला लेखकांना फोन केला.

“अहो ताई, पण सगळीकडे तसंच आहे!”

“सर, सगळीकडे दीर्घ ‘फी’पण आहे.”

बराच वेळ पलीकडून काही आवाज नाही. शेवटी फोटोओळ बदलली, तिघींची नावं आणि तारीख घातली. संवादाला मात्र ‘असे म्हणतात’ जोडून त्यांनी तो ठेवलाच. लेखकाचं मन, काय करणार.

पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्या एका मासिकाचं प्रूफ आलं. फोटो तोच, ओळ आमचीच, तारीख बरोबर. फक्त साबातबाईंचं आडनाव ‘इस्लांबूली’, ‘बू’ दीर्घ. आमचा अंक काढून पाहिला. त्या रात्रीच्या घाईत माझ्याच नजरेतून सुटलेला.